कालेच्या लोकांचं काय झालं, हे कुणीतरी छापायला हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरची मी जुनी वाचक आहे. व्हिडिओ गेम हा विषय आपल्याकडे येतो तो दोनच वाटांनी, एकतर पोरं स्क्रीनला चिकटली आणि अभ्यास बुडाला, नाहीतर कुणीतरी आईच्या खात्यातून पैसे उडवले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, छापल्याच पाहिजेत, मी ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवते त्यामुळे रात्रभर जागून पहिल्या तासाला पेंगणारी मुलं मला नवीन नाहीत. माझं म्हणणं वेगळं आहे. नवीन नाटक आलं की आपण परीक्षण छापता, सिनेमा आला की छापता, कादंबरीला अर्धं पान देता, पण गेमच्या आत जी गोष्ट असते तिच्याबद्दल आजवर एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही. ज्या गोष्टी आज आपली वीस-बावीस वर्षांची मुलं शंभर शंभर तास जगतात त्यांच्याबद्दल घरातल्या मोठ्यांना काहीच माहीत नसावं हे मला बरोबर वाटत नाही. म्हणून एका गेममधल्या काले नावाच्या एका व्यापाऱ्याची गोष्ट लिहून पाठवतेय.

गेमचं नाव एल्डन रिंग. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने बनवलेला, फेब्रुवारी 2022 मधे आला, त्या वर्षीचा गेम ऑफ द इयर ठरला आणि त्याच्या 3 कोटींवर प्रती खपल्यात, म्हणजे हे काही कोपऱ्यातलं प्रकरण नाही. लँड्स बिटवीन नावाचा एक काल्पनिक प्रदेश आहे, मधोमध आभाळाला टेकलेलं सोनेरी झाड, त्या झाडाच्या नावाने चालणारी एक राजवट तिला म्हणतात गोल्डन ऑर्डर, आणि आपण म्हणजे टार्निश्ड, हद्दपार झालेल्यांपैकी एक, परत आलेला. गेम खूप अवघड आहे, त्याबद्दल भरपूर बोललं जातं, ते मी सोडते. महत्त्वाचं हे की हा गेम गोष्ट सांगत नाही, ती जागोजागी टाकून ठेवतो. एखादी तलवार सापडते, तिच्या वर्णनात चार ओळी असतात, एखादा अंगरखा सापडतो, त्यात तीन ओळी. वाचल्या तर वाचल्या, नाही तर नाही, कुणी जबरदस्ती करत नाही. खेळणारे त्याला लोर म्हणतात आणि ते जोडत बसणं हा निम्म्या लोकांचा खरा खेळ असतो. ताम्रपट आणि शिलालेख वाचणाऱ्याला जसं फुटलेल्या अक्षरांवरून राज्य उभं करावं लागतं तसंच काहीसं हे काम आहे, म्हणूनच मला त्यात इतकी गोडी लागली असावी.

सुरुवातीलाच, गुहेतून बाहेर उघड्यावर आलं की थोड्या अंतरावर एक पडकं चर्च लागतं, चर्च ऑफ एले. छप्पर गेलेलं, नुसत्या भिंती. आत शेकोटी पेटलेली आणि तिच्याजवळ एक माणूस बसलाय, मोठी टोपी, अंगावर जाडजूड लांब कोट, बाजूला ओझ्याचं जनावर. हा काले. सगळ्यांना भेटणारा पहिला व्यापारी. तो आपल्याला बघून जे पहिलं बोलतो त्याचा मतलब असा की तू टार्निश्ड दिसतोस, आणि माझा गळा कापायला आलेला दिसत नाहीस, मग काहीतरी घे की विकत. पहिल्यांदा खेळताना हे वाक्य आपण असंच सोडून देतो, दुकानदाराची बडबड म्हणून. तीनशे रून्स, म्हणजे या गेममधले पैसे, देऊन क्राफ्टिंग किट, म्हणजे वस्तू बनवायची अवजारं, घ्यायचं, एक मशाल घ्यायची, पुढे जायचं. पण ज्या माणसाचा गिऱ्हाइकाबद्दलचा पहिला विचार हा असतो की हा मला मारायला आलाय का, त्याच्या मागे काहीतरी घडलेलं असणार ना. आणि त्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर सोनेरी चिलखत घातलेला एक घोडेस्वार गस्त घालत फिरत असतो, गोल्डन ऑर्डरचाच. नवीन खेळाडूला त्या घोडेस्वाराचीच भीती वाटते, काले रोज त्याच्या सावलीत शेकोटी पेटवून बसतो हे डोक्यातही येत नाही.

पुढे फिरायला लागलं की असे आणखी व्यापारी भेटत जातात. सगळ्यांचा पोशाख सारखा, शेकोटी सारखी, आणि प्रत्येकजण एकटा. एक समुद्राकडच्या पठारावर, एक बर्फात, एक जमिनीखालच्या नदीकाठी, एक चक्क राजधानीच्या तटाबाहेर झोपडीत. एकजण तर एका रक्तपिपासू सरदाराच्या भूमिगत राजवाड्यात कैदी. त्यांना नावंसुद्धा नाहीत, गेम त्यांना भटका व्यापारी, एकाकी व्यापारी, टाकून दिलेला व्यापारी, कैदी व्यापारी असंच म्हणतो. काले एकटाच नावाचा. मी इतिहासाची असल्यामुळे मला हे पहिल्यापासून खटकत होतं कारण जगात कुठेही लांब पल्ल्याचा व्यापारी एकटा हिंडत नाही, हिंडूच शकत नाही. वाटमारी, दुष्काळ, जनावर मेलं तर, आजारी पडलं तर. रेशीम मार्गावर काफिले होते, आपल्याकडे तांडे होते, शेकडो बैलांची रांग, बायकापोरं, कुत्री, सगळं बरोबर. इथे सगळेच्या सगळे विखुरलेले, एकमेकांपासून कोसो दूर, असं का? मला आधी वाटलं गेमवाल्यांनी सोयीसाठी दुकानं पसरून ठेवलीत. तसं नव्हतं, त्याचं उत्तर गेममधे आहे आणि ते कुठे ठेवलंय ते बघा.

लेंडेल नावाची राजधानी आहे, सोन्याने मढवल्यासारखी. त्या शहराच्या खाली गटारं आहेत, आणि ती नुसती गटारं नाहीत, राजवटीला जे नकोसे झाले त्यांना टाकायची जागा आहे. अंगावर शिंगं घेऊन जन्मलेली मुलं असतात, त्यांना ओमेन म्हणतात, अशा बाळांची शिंगं कापून टाकायचे आणि त्यात बहुतेक मरायची. राजघराण्यात असं मूल झालं तर शिंगं कापायची नाहीत पण जन्मभर या अंधारात कोंडायचं. इथून वाट काढत, उंदीर आणि विषारी पाणी आणि चक्रावून टाकणारे पाईप पार करत, अगदी तळाशी एक कथीड्रल लागतं, तिथे मोग नावाच्या ओमेनशी लढावं लागतं. तो हरला की संपलं असं वाटतं. पण वेदीवर वार केला तर ती नाहीशी होते आणि मागे वाट निघते. या वाटेने किती जण गेलेच नसतील.

तिथून खाली एक खोल विहिरीसारखी पोकळी आहे, एकेका दगडावर उडी टाकत उतरावं लागतं, चुकलात तर मेलात. आणि उतरताना तुमच्या लक्षात येतं की आजूबाजूला प्रेतं आहेत. थोडीथोडकी नाहीत, ढीग. आणि सगळ्यांच्या अंगावर तोच पोशाख, तोच लांब कोट, तीच टोपी, जी तुम्ही अगदी पहिल्या तासात चर्चमधे शेकोटीजवळ पाहिली होती. खालून तारवाद्याचा आवाज येत असतो, फार हळू आणि फार रडवेला. प्रेतांमधे एखादा अजून जिवंत आहे आणि तो वाजवत बसलाय. माझ्या हातात कंट्रोलर होता पण मला पुढे जावंसं वाटेना, मी तिथेच उभं राहून ते ऐकत राहिले. आजवर पाहिलेल्या कुठल्याही सिनेमात मला असं झालेलं नाही हे मी अगदी जबाबदारीने लिहितेय.

भटक्या व्यापाऱ्यांचा पोशाख खेळाडूला मिळतो आणि त्याच्या वर्णनात त्यांचा सगळा इतिहास दोन-तीन वाक्यांत आहे. माझ्या शब्दांत सांगते. हे व्यापारी एकेकाळी ग्रेट कॅरव्हॅन म्हणून भरभराटीला आलेले होते, एक मोठा काफिला, एक अख्खा समाज. मग त्यांच्यावर आरोप झाला की यांची श्रद्धा पाखंडी आहे. त्यावरून सगळ्या कुळाला गोळा करून जमिनीखाली खोल जिवंत गाडलं. तिथे त्यांनी निराशेचा शाप उच्चारला आणि त्यातून फ्रेंझीची ज्वाला, म्हणजे वेडाची पिवळी आग, जागी झाली.

बस, इतकंच. कोणी आरोप केला, पुरावा काय होता, गाडायचा हुकूम कुणाचा, काहीही नाही. काले, जो वरती लोकांना मशाली विकतोय, तो या लोकांपैकी वाचलेला. म्हणजे तो कंगाल झालेला व्यापारी आहे असं म्हणणं फारच कमी आहे, त्याचं दिवाळं निघालेलं नाही, त्याचे भागीदार, त्याचे नातेवाईक, त्याचं गिऱ्हाईक, त्याची भाषा बोलणारे, त्याच्याबरोबर वाजवणारे असे सगळेच जमिनीत गेलेत. उरलंय ते एक जनावर आणि पाठीवर मावेल एवढा माल.

आता यातला जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो क्रमाचा आहे. गेममधली ही वेडाची आग फार भयंकर गोष्ट आहे. ती डोळ्यांतून शिरते, माणसं किंचाळत डोकं धरतात, गावच्या गाव तिने वेडं झालेलं आपण बघतो. गेमच्या शेवटी आपण ती आग स्वीकारली तर सगळं जग जळतं, आपली सोबतीण मेलिना आपल्याला सोडून जाते आणि आपला मृत्यू घेऊन परत येण्याची शपथ घेते. म्हणून बरेच खेळाडू असं धरून चालतात की हे व्यापारी आधीपासूनच त्या आगीचे भक्त होते आणि राजवटीने जे केलं ते क्रूर असलं तरी त्याला कारण होतं. मला हे अजिबात मान्य नाही. वर्णन नीट वाचा, तिथे क्रम स्वच्छ आहे, आधी आरोप, मग गाडणं, मग शाप, मग आग. ज्या गोष्टीच्या भीतीने त्यांना गाडलं असं म्हणायचं ती गोष्ट गाडल्यावर जन्मली. आरोपच खोटा होता असं गेम म्हणत नाही हेही खरं आहे, पण खरा होता असंही कुठे म्हणत नाही, आणि एका अख्ख्या समाजाला लेकराबाळांसकट पुरण्याइतका खरा आरोप कुठला असतो हे कुणी मला सांगावं.

याला जोडून आणखी एक धागा आहे. शाब्रिरी नावाचं एक पात्र आहे, गेम त्याला इतिहासातला सगळ्यात तिरस्कृत माणूस म्हणतो. नाव ज्यूंच्या ग्रंथातून घेतलंय, तालमूदमधे शाब्रिरी हा आंधळेपण आणणारा राक्षस आहे. तर या शाब्रिरीचे डोळे काढले होते, शिक्षा म्हणून, आणि गुन्हा काय तर खोटी बदनामी. त्या रिकाम्या खोबणीत पुढे वेडाची आग राहायला आली. म्हणजे आगीच्या या टोकाला बदनामी करणारा आहे आणि त्या टोकाला बदनामी झालेले. कुणाची बदनामी केली ते गेममधे लिहिलेलं नाही, पण जगभरच्या बऱ्याच खेळाडूंनी हे दोन तुकडे जोडून असं मांडलंय की व्यापाऱ्यांवरचा आरोप त्यानेच रचला असणार. हा अंदाज आहे, सिद्ध काही नाही. मला तो पटतो, पण पटला म्हणून राजवट सुटत नाही. एक माणूस खोटं बोलला इतकंच झालं असतं तर एक भांडण झालं असतं. गाडायला खड्डा लागतो, खड्डा खणायला माणसं लागतात, पकडून आणायला शिपाई लागतात, हुकुमावर शिक्का लागतो. शाब्रिरीला निदान शिक्षा झाली, शिक्केवाल्यांचं नावसुद्धा कुठल्या वर्णनात नाही.

माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्याच्यामुळेच मी हा गेम धरला. तो खेळत असताना मी शेजारी बसले होते, त्याने कालेकडून हव्या त्या वस्तू घेतल्या आणि तलवार काढून सरळ त्याला मारायला लागला. मी म्हटलं अरे काय करतोस, तर म्हणाला, "मावशी, मारून टाकलं की बेल बेअरिंग मिळतं, मग सगळं एकाच ठिकाणी विकत मिळतं, उगाच इथे तिथे कशाला फिरायचं." आणि तो म्हणतो ते खरं आहे. व्यापारी मेला की त्याच्याकडून बेल बेअरिंग नावाची एक वस्तू पडते, ती राउंडटेबल होल्ड नावाच्या ठिकाणी दोन म्हाताऱ्या दासींना नेऊन दिली की त्या व्यापाऱ्याचा सगळा माल त्या विकायला लागतात. कितीतरी गाईडमधे हा सल्ला सरळ दिलेला असतो, अमक्या ठिकाणचा व्यापारी उरकून टाका, वेळ वाचेल. विचार करा, काफिला गाडणाऱ्यांच्या हातून जे निसटले ते आपण एकेक करून सोयीसाठी संपवतोय, आणि माल एका छताखाली येतोय. गेम आपल्याला थांबवत नाही, रागावत नाही, कुठला दंड नाही. माझ्या मते हे बनवणाऱ्यांनी मुद्दाम केलंय, कारण त्याच गेममधे खाली तो ढीग ठेवणाऱ्यांना हे कळत नसेल असं मी मानायला तयार नाही. भाच्याला मी नंतर ती खालची जागा दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि दुसऱ्यांदा गेम सुरू केला तेव्हा त्याने एकाही व्यापाऱ्याला हात लावला नाही, प्रत्येक वेळी मशालीसाठी आणि बाणांसाठी परत चर्चपर्यंत जायचा.

गेमच्या फाइल्स उघडून बघणारे लोक असतात, त्यांना कालेचे काही संवाद सापडले जे रेकॉर्ड झालेत पण गेममधे वापरले नाहीत. त्यात काले आपल्या लोकांचं काय झालं याचा शोध घेतोय आणि शेवटी त्याला ते कळतं. हे काढून का टाकलं माहीत नाही, अशा मोठ्या गेममधे बरंच काही कापलं जातं. पण मला या कापाकापीचं वाईट वाटतं. आत्ता जो गेम आहे त्यात आपण खाली जाऊन सगळं बघून येतो, परत चर्चमधे कालेपुढे उभे राहतो आणि त्याला सांगता येत नाही. पर्यायच नाही. तो आपला मालच विकत राहतो. आपल्याला त्याच्या घरच्यांबद्दल माहीत आहे आणि त्याच्याशी फक्त खरेदीविक्रीच करता येते. काही लोक म्हणतील हेच जास्त परिणामकारक आहे. असेल. मला तरी माणसाला त्याच्या मेलेल्यांची बातमी मिळायचा हक्क असतो असं वाटतं, गोष्टीतल्या माणसालाही.

आता इतिहासाची शिक्षिका म्हणून थोडं. हे सगळं हवेतून आलेलं नाही. 1348-49 मधे युरोपात प्लेग पसरला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष टाकलं अशी आवई उठली. 14 फेब्रुवारी 1349 ला स्ट्रासबुर्गमधे शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं, आणि प्लेग तोवर त्या शहरात पोचलासुद्धा नव्हता. त्यानंतर पहिलं काम काय झालं असेल तर ज्यूंचं जे कर्ज लोकांच्या डोक्यावर होतं ते रद्द झालं आणि त्यांची रोकड वाटून घेतली. दुसरं उदाहरण स्पेनचं. तिथले जिप्सी, जे स्वतःला काले म्हणवतात (गेममधल्या नावाशी हा योगायोग असेल नसेल), त्यांना 30 जुलै 1749 ला राजा सहाव्या फर्डिनांडच्या राज्यात, मार्किस दे ला एन्सेनादा या मंत्र्याच्या योजनेनुसार, देशभर एकाच वेळी पकडायला सुरुवात केली. पुरुष आणि मोठी मुलं आरमाराच्या गोद्यांत सक्तमजुरीला, बायका आणि लहान मुलं वेगळीकडे. हजारो माणसं. सुटकेचा हुकूम निघाला 1763 मधे. आरोप काय, तर हे फिरतात, एका जागी राहत नाहीत, आपल्यासारखे नाहीत. हे लोक मुळात हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडातून गेलेले, भाषेच्या अभ्यासकांनी ते केव्हाच दाखवून दिलंय.

आणि आपल्याकडचं तर विचारूच नका. बंजारा, लमाण तांडे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य देशभर न्यायचे, मोगल असोत मराठे असोत इंग्रज असोत, फौजांना रसद पुरवायचे. सडका झाल्या, रेल्वे आली, धंदा बसला. त्यात 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा, ज्यात एकेका जमातीला जन्मानेच गुन्हेगार ठरवायची सोय झाली. सोलापूरला अशा जमातींना ठेवायची तारेच्या कुंपणाची वसाहत, सेटलमेंट, होती, हजेरी द्यावी लागायची, परवानगीशिवाय बाहेर जाता येत नसे. देश 1947 ला स्वतंत्र झाला पण ही माणसं सुटली 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणून तो विमुक्त दिन. मी वर्गात विचारते विमुक्त म्हणजे कशातून विमुक्त, तर हात वर येत नाहीत, पुस्तकात दोन ओळी आहेत त्या परीक्षेला येत नाहीत म्हणून गाळल्या जातात.

हा कायदा गेला तरी आरोप गेलेला नाही. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. मोबाईलवर फिरत होतं की मुलं पळवणारी टोळी आलीय. बाजाराचा दिवस होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने मारलं, पाचही मेले. आपल्याच पेपरात मी ते वाचलं होतं, ते फोटोही पाहिले होते, आणि त्या पाच जणांच्या घरी कुणी बातमी कशी सांगितली असेल हा विचार तेव्हा बरेच दिवस जात नव्हता. एल्डन रिंगमधली ती पोकळी उतरताना मला राईनपाडा आठवलं, दुसरं काही आठवलं नाही. जपानमधे बसून कुणीतरी ही गोष्ट रचली, त्यांना धुळे माहीत असायचं कारण नाही, पण भटक्या माणसाबद्दल एक वाक्य कुजबुजलं की पुढे काय काय होत जातं हे त्यांना पक्कं माहीत आहे.

एक गोष्ट मात्र गेमबद्दल मला टोचते ती लिहिते. शेवटांचे इतके प्रकार आहेत या गेममधे, चंद्राच्या बाजूने जाता येतं, राजवट दुरुस्त करता येते, शापाने भरून टाकता येते, सगळं जाळता येतं. पण व्यापाऱ्यांना न्याय मिळेल असा शेवट एकही नाही. त्यांच्या बाजूने उभं राहायचं तर ती आग घ्यावी लागते, त्यासाठी अंगावरचं सगळं उतरवून त्या प्रेतांच्या पोकळीच्या तळाशी असलेल्या दारातून आत जावं लागतं, आणि मग त्या आगीत कालेसकट सगळेच जातात. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या दुःखाला विध्वंस सोडून दुसरी भाषाच दिलेली नाही. हे मला पटलेलं नाही. सोलापूरच्या सेटलमेंटमधून बाहेर पडलेल्या लोकांनी काही जग जाळलं नाही, त्यांची मुलं शिकली, लिहायला लागली, आत्मचरित्रं लिहिली, कोर्टात गेली, मोर्चे काढले. गाडलेल्यांना वर येऊन बोलता येतं हे आपल्या महाराष्ट्राने बघितलंय, ते त्या गेममधे नाही. एखाद्या मराठी मुलाने पुढेमागे असा गेम बनवला तर त्यात तरी ते यावं, आणि मुलं बनवतायत, पुण्यात मुंबईत गेम डिझाइनचे कोर्सेस भरलेले असतात. त्यांना गोष्टी कुठून मिळणार हा प्रश्न आहे. आपण गेम म्हटलं की नाक मुरडायचं, आणि त्यांनी मग बाहेरच्यांचेच ड्रॅगन आणि किल्ले काढत बसायचे.

तर विनंती अशी. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा का होईना, गेमच्या गोष्टीवर लिहिणारा कॉलम सुरू करा. किती स्टार, ग्राफिक्स कसे, कुठला फोन लागेल हे नको, ते सगळीकडे मिळतं. त्यात माणसं कोण आहेत, त्यांच्यावर काय गुदरलं, ते कसं सांगितलंय, यावर लिहा. लिहिणारी तरुण मुलं आहेत, माझ्याच कॉलेजातली दोन-तीन मी सुचवू शकते, एकीचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे. आणि 31 ऑगस्टच्या अंकात विमुक्त दिनावर दरवर्षी काहीतरी नीट छापा, आतल्या पानावर चौकट नको.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर गेमची सुरुवातीची माहिती आणि माझी मतं खुशाल कापा, पण लेंडेलखालचा भाग आणि राईनपाड्याचा परिच्छेद कृपया राहू द्या, आणि दोन्ही एकाच अंकात येऊ द्या.

आपली,
एक वाचक, सांगली